मागच्या फळीवरचा माणूस

मिशिगनमधल्या एका मराठी मित्राच्या गॅरेजात मी ते इंजिन पहिल्यांदा उघडे पाहिले. सतरा फुटी बोट, १९७९ सालची, रंगाची चकाकी कधीच उडालेली, आणि तिच्या पाठीला मर्क्युरीचे काळे आउटबोर्ड. मित्राने झाकण काढले तेव्हा सहाही सिलिंडर एकावर एक रचलेले दिसले, देवळापुढच्या दीपमाळेसारखे. तिकडचे लोक या इंजिनाला ‘टॉवर ऑफ पॉवर’ म्हणतात. ताकद ११५ अश्वशक्ती, वजन १३० किलोच्या आसपास. पन्नाशीकडे झुकलेले हे धूड आता धूर जास्त आणि धाव कमी देत होते, म्हणून ते उतरवून तिथे दीडशेचे नवे फोर-स्ट्रोक चढवायचे, असा मित्राचा बेत होता.

“पस्तीस घोडे जास्तीचे मिळतात, आणि पेट्रोल कमी,” तो म्हणाला.

“वजन किती?”

त्याने माहितीपत्रक चाळले. ४५५ पौंड. म्हणजे २०६ किलो. जुन्यापेक्षा पंचाहत्तर किलो जास्त. मी म्हटले, “म्हणजे मागच्या फळीवर एक माणूस कायमचा उभा करून तू ही बोट चालवणार.” तो हसला, पण झाकण परत बसवताना गप्प होता.

जुन्या छोट्या वेगवान बोटींना नवे इंजिन बसवण्याचा सगळा प्रश्न या दोन आकड्यांच्या मधल्या फटीत आहे. विकत घेणारा घोडे मोजतो, बोट किलो मोजते. आणि किलोसुद्धा नुसते मोजत नाही, ते कुठे टांगले आहेत हे आधी बघते.

आउटबोर्ड म्हणजे बोटीच्या बाहेर, मागच्या उभ्या फळीला लटकवलेले इंजिन. या फळीला ट्रान्सम म्हणतात, आणि मराठीत त्याला चपखल शब्द नसल्याने मीही तोच वापरतो. १९०९ साली मिलवॉकीत ओले एव्हिन्रूड या नॉर्वेत जन्मलेल्या कारागिराने हे यंत्र बाजारात आणले तेव्हा त्याची ताकद होती दीड अश्वशक्ती आणि वजन ६२ पौंड, म्हणजे २८ किलो. माणसाने काखोटीला मारून तळ्यावर न्यावे, होडीला चिमट्यासारखे अडकवावे, संध्याकाळी काढून घरी आणावे, अशी ती कल्पना. पुढची पन्नास-साठ वर्षे इंजिने वाढत गेली, पण टू-स्ट्रोक असल्याने ताकदीच्या मानाने हलकी राहिली. टू-स्ट्रोकमध्ये दट्ट्याच्या प्रत्येक फेरीला स्फोट होतो. झडपा नाहीत, त्या हलवणारा कॅमशाफ्ट नाही, तेलाची टाकी पोटात बाळगावी लागत नाही. तेल पेट्रोलमध्येच मिसळून जळून जाते. कार्ल किकेफरच्या मर्क्युरीने १९५७ साली सहा सिलिंडरचे पहिले आउटबोर्ड काढले, ६० अश्वशक्तीचे. १९६२ पर्यंत तीच रचना १०० वर पोचली. १९७६ मध्ये १७५ अश्वशक्तीचे व्ही-सिक्स आले.

याच काळात अमेरिकेत छोट्या वेगवान बोटींची एक जात जन्माला आली. मिनेसोटात हॉवर्ड पिपकॉर्नच्या हायड्रोस्ट्रीम, टेनेसीत अ‍ॅलिसन, शिवाय ग्लास्ट्रॉन, चेकमेट. पंधरा ते अठरा फूट लांबी, फायबरची पातळ कवचे, बिनइंजिनाचे वजन पुष्कळदा ४०० किलोच्या आत-बाहेर. तळ खोल ‘व्ही’ आकाराचा आणि त्या ‘व्ही’च्या टोकाशी, अगदी मागे, एक अरुंद सपाट पट्टी. वेग वाढला की सगळी बोट पाण्याबाहेर येते आणि त्या पट्टीवर, म्हणजे जेमतेम पाटाएवढ्या जागेवर, धावते. या बोटी कारखान्यात कोरल्या गेल्या त्या १३० ते १७० किलोच्या इंजिनांचा हिशेब धरून. तळाची वळणे, पिछाडीची रुंदी, पाणी बाहेर जायची भोके, सगळे त्या वजनाला बेतलेले.

या बोटींत वजनाची जागा किती नाजूक असते याचा दाखला सिनेमात आहे. १९७३ सालच्या ‘लिव्ह अँड लेट डाय’ या जेम्स बाँडपटात एक ग्लास्ट्रॉन बोट रस्ता ओलांडून उडते. लुइझियानात १९७२ साली चित्रीकरण झाले तेव्हा ती उडी ११० फुटांची भरली. मागे १३५ अश्वशक्तीचे एव्हिन्रूड होते. उडीसाठी बोटीत जे बदल केले त्यांत एक असा की चालकाची जागा आणि सुकाणूचे चाक बाजूवरून उचलून बरोबर मधोमध आणले. हवेत गेलेल्या बोटीला एका माणसाचे वजन एका बाजूला झेपत नव्हते! पाण्यावर हाच हिशेब सौम्य असतो, पण असतो.

मग इंजिने जड का झाली? लोक फोर-स्ट्रोकला शिव्या देतात. तेवढे खरे नाही. १९९६ साली अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने आउटबोर्डच्या धुरावर नियम आणले. जुने कार्ब्युरेटरचे टू-स्ट्रोक बरेचसे पेट्रोल न जाळताच पाण्यात ओकत असत, ते टप्प्याटप्प्याने बंद व्हावे असा हेतू. कारखान्यांनी आधी टू-स्ट्रोकच सुधारून पाहिले, इंधन थेट सिलिंडरमध्ये फवारणारे. मर्क्युरीचे ऑप्टिमॅक्स, यामाहाचे एचपीडीआय, एव्हिन्रूडचे २००३ मधले ई-टेक. पण पंप, फवारे, संगणक, मोठे अल्टरनेटर चढत गेले आणि दीडशेचे ऑप्टिमॅक्स ४३१ पौंडांवर, ई-टेक ४१९ पौंडांवर पोचले. म्हणजे वजन मोठे फोर-स्ट्रोक सर्रास होण्याआधीच दारातून आत शिरले होते. २०११ साली मर्क्युरीचे तीन लिटरचे दीडशेचे फोर-स्ट्रोक आले तेव्हा त्याच्या ४५५ पौंडांचे कौतुक झाले, कारण बरोबरीची इतर त्याहून जड होती. २०२० मध्ये एव्हिन्रूडचे उत्पादनच थांबले आणि अमेरिकेच्या बाजारात या आकाराचा नवा टू-स्ट्रोक घ्यायचा मार्ग बंद झाला. आता निवड जड आणि थोडे कमी जड यांच्यातच आहे.

इथे लोक दुसरी चूक करतात. जुन्या इंजिनावरचा आकडा आणि नव्यावरचा आकडा एकच आहे असे धरून चालतात. १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत अमेरिकी कारखाने ताकद क्रँकशाफ्टवर मोजत. नंतर ती प्रॉपेलरच्या दांड्यावर मोजायला लागले, म्हणजे गिअरमधली गळती वजा करून. त्यामुळे १९७९ चे ११५ हे आजच्या ११५ हून खरोखर कमी. नव्याचे ११५ घेतले तरी जुन्याहून जास्त ताकद हाती येते. मित्राला ही गोष्ट मी दोनदा सांगितली, कारण पहिल्यांदा त्याला ती विक्रेत्याविरुद्धचा कट वाटली.

घोडे किती लावता येतात यालाही मर्यादा असते: बोटीत, चालकाच्या जागेजवळ, क्षमता सांगणारी एक छोटी पट्टी असते. १९७१ च्या नौका-सुरक्षा कायद्यानंतर अमेरिकेत वीस फुटांखालच्या बोटींना ती लावणे कारखान्याला बंधनकारक झाले. आउटबोर्ड बोटीच्या पट्टीवर तीन गोष्टी असतात: किती माणसे, माणसे, इंजिन आणि सामान मिळून एकूण किती वजन, आणि जास्तीत जास्त किती अश्वशक्ती. सुकाणूचे चाक आणि वीस इंची ट्रान्सम असलेल्या बोटीसाठी अश्वशक्तीचे सूत्र अगदी घरगुती आहे. बोटीची लांबी आणि ट्रान्समची रुंदी फुटांत गुणायची, आलेल्या आकड्याची दुप्पट करायची, नव्वद वजा करायचे, आणि पाचाच्या पुढच्या पटीत नेऊन ठेवायचे. मित्राच्या बोटीची लांबी सतरा, रुंदी सहा. गुणाकार १०२, दुप्पट २०४, वजा नव्वद ११४. पट्टीवर ११५.

सूत्रात वजन कुठेच नाही, हे लक्षात घ्या. पट्टीची अश्वशक्तीची ओळ पाळूनही बोट पिछाडीला जड होऊ शकते. वजनाचा खरा पहारा मधल्या ओळीवर आहे, आणि ती कोणी वाचत नाही. इंजिन पंचाहत्तर किलोंनी वाढले की माणसांच्या वाट्याचे तेवढेच कमी झाले. चारजणांची बोट कागदावर तिघांची झाली. ही पट्टी कारखान्याला बांधते, मालकाला थेट नाही. पण काही राज्यांचे कायदे तिचा आधार घेतात, आणि विमा कंपनी तर अपघातानंतर आधी त्या पट्टीचा फोटो मागते. १९७८ पासून लागू झालेला आणखी एक नियम असा की या आकाराची आउटबोर्ड बोट पाण्याने भरली तरी आडवी, सपाट तरंगली पाहिजे, म्हणजे माणसांना तिला धरून राहता येईल. त्यासाठी कवचात फोम भरतात आणि तो किती भरायचा ते इंजिनांच्या वजनाच्या एका सरकारी तक्त्यावरून ठरते. हा तक्ता टू-स्ट्रोकच्या जमान्यातला होता. फोर-स्ट्रोक सर्रास झाल्यावर पुष्कळ उशिरा तो बदलला. जुन्या बोटीत मात्र फोम जुन्याच हिशेबाचा. नवे इंजिन लावलेली ती बोट बुडाली तर पिछाडी खाली आणि नाळ, म्हणजे पुढचे टोक, आकाशाकडे, अशी उभी राहण्याची भीती खरी आहे.

आता तो पंचाहत्तर किलोंचा माणूस कुठे उभा आहे ते मोजू. ढोबळ हिशेब आहे, पण दिशा दाखवायला पुरतो. अशा बोटीच्या तरंगण्याच्या मध्यापासून इंजिन सव्वादोन मीटर मागे असते. पंचाहत्तर गुणिले सव्वादोन म्हणजे साधारण १७० किलो-मीटर. कुडाळच्या आठवडी बाजारातला तराजू डोळ्यासमोर आणा: दांडीच्या टोकाला टांगलेले छोटे वजनही मधल्या मोठ्या वजनाला उचलते. या १७० ने सतरा फुटी बोटीची पिछाडी पाचेक सेंटीमीटर खाली बसते. पाच सेंटीमीटर ऐकायला काहीच नाही. पण डेकवरचे पाणी बाहेर सोडणारी भोके पाण्याच्या रेषेवर अडीच-तीन सेंटीमीटरच असतात. ती बुडाली की त्याच वाटेने पाणी आत येते, आणि आलेले पाणी मागेच जमते, म्हणजे आणखी वजन, आणखी मागे.

हे स्वतःच तपासता येते, आणि इंजिनाचे पैसे भरण्याआधी तपासावे. बोट जुन्याच इंजिनासह धक्क्याला बांधा, टाकी भरा, नेहमीचे सामान ठेवा, आणि वाढणाऱ्या वजनाएवढी माणसे किंवा वाळूच्या गोण्या इंजिनाच्या जवळ शक्य तितक्या मागे ठेवा. भोकांतून पाणी उलटे येते का? इंजिनासाठी ट्रान्सममध्ये कापलेल्या खाचेपासून पाणी किती खाली राहिले? मग चालकाच्या जागेवर बसलेला माणूस उठून इंजिनाकडे गेला, तर? जाळे काढायला, दोर सोडवायला कोणीतरी मागे जाणारच. मालवणच्या किनाऱ्यावर मी हे अगदी उलट दिशेने पाहिले आहे. पर्यटकांची छोटी फायबरची बोट निघण्याआधी तांडेल दोन पोरांना ओरडून नाळेकडे बसवत होता. कारण विचारले तर म्हणाला, “नायतर ती तोंड वर करून बसता, आणि फुडचा कायच दिसना नाय.” सूत्राविना तोच हिशेब.

तोंड वर करून बसणे हा संथ वेगातला त्रास. बोट पाण्यावर चढायला, म्हणजे तरंगण्याकडून सरकण्याकडे जायला, वेळ लावते. त्या काही सेकंदांत चालकाला समोर आभाळच दिसते. पिछाडी जड असेल तर ते सेकंद वाढतात. एकदा चढली की पुढचा त्रास डुचमळण्याचा: नाळ वर-खाली, वर-खाली, डॉल्फिनसारखी. इंजिनाचा कल खाली घेतला की हे थांबते, पण मग वेग जातो, आणि ज्यासाठी मोठे इंजिन घेतले तेच हरवते.

खरा धोका वरच्या वेगात. त्या पाटाएवढ्या पट्टीवर धावणारी बोट डावी-उजवी झुलू लागते. एकदा या कडेवर, एकदा त्या. याला चाइन वॉक म्हणतात. झोका आधी छोटा असतो. चालक चाक विरुद्ध बाजूला देतो, तोवर बोट आपणच परत फिरलेली असते, म्हणजे त्याची दुरुस्ती झोक्यात भर घालते. तिसऱ्या-चौथ्या झोक्याला बोट कडेवर उभी राहते. सराव असलेला माणूस चाक स्थिर धरून गॅस हळू सोडतो. एकदम सोडत नाही, कारण मग नाळ आपटते. जड इंजिन या झोक्याला दोन तऱ्हांनी हातभार लावते. एक, ते वर-मागे टांगलेले मोठे वस्तुमान आहे. झुलायला लागायला त्याला वेळ लागतो, आणि थांबायलाही. दोन, फोर-स्ट्रोकचे डोके जुन्यापेक्षा भारी, त्यामुळे वजनाचा मध्यच वर सरकतो. वर एखादा हौशी मालक जॅक प्लेट लावतो, म्हणजे इंजिन ट्रान्समपासून थोडे मागे आणि वर नेणारी लोखंडी किंवा अ‍ॅल्युमिनियमची चौकट. वेगाच्या बोटींत तिचा उपयोग खरा आहे, प्रॉपेलरला स्वच्छ पाणी मिळते. पण दहा इंच मागे सरकलेल्या २०६ किलोंनी आणखी पन्नासेक किलो-मीटरची भर पडते, चौकटीचे स्वतःचे वजन वेगळे. जुन्या हलक्या इंजिनाला शोभलेला हा दागिना नव्याला फास ठरू शकतो.

सुकाणूच्या केबलकडे कोणी बघत नाही. वीस वर्षे जुनी एकच केबल, चाकात दोन बोटे ढिलाई, आणि मागे जास्त जोर देणारे इंजिन. ढिलाई म्हणजे चाइन वॉकला उघडे आमंत्रण, कारण चालक मधे आहे असे समजतो तेव्हा इंजिन कुठेतरी भलतीकडे असते. या आकाराच्या वेगवान बोटीला नवे इंजिन म्हणजे नवे हायड्रॉलिक सुकाणू, हे मी बिनशर्त म्हणेन. त्याचा खर्च पेलत नसेल तर इंजिन लहान घ्यावे. आणि मनगटाला अडकवायची ती लाल दोरी, जी ओढली गेली की इंजिन बंद पडते: १ एप्रिल २०२१ पासून अमेरिकेत सव्वीस फुटांखालच्या बोटींत चालकाने ती लावणे संघराज्याच्या कायद्याने सक्तीचे आहे. हा कायदा पन्नास वर्षे आधी यायला हवा होता.

ट्रान्समबद्दल थोडक्यात. जुन्या बोटींत तो बहुधा प्लायवूडचा, वर फायबरचे आवरण. चार बोल्टांच्या भोकांतून तीस-चाळीस वर्षे पाणी झिरपते आणि आतले लाकूड भिजलेल्या बिस्किटासारखे होते. बाहेरून काही कळत नाही. हातोड्याच्या लाकडी मुठीने ठोकत जा. टणक आवाज बदलून बदबद झाला की तिथे कूज आहे. इंजिन कलते करून खालच्या टोकावर हाताने भार द्या आणि फळी हलते का बघा. लाटेवरून आपटताना २०६ किलोंचे इंजिन क्षणभर सहाशेचे होऊ शकते, आणि तो सगळा भार त्या चार भोकांवर येतो.

आता जमिनीवरचे वजन. यावर लिहिणारे कमी आहेत, आणि दुखापती मात्र इथे होतात. अमेरिकेच्या कामगार-आरोग्य संस्थेच्या सूत्रात, सर्व परिस्थिती आदर्श असली तरी, एका माणसाने उचलायच्या वजनाची मर्यादा २३ किलो धरली आहे. म्हणजे एव्हिन्रूडचे १९०९ चे इंजिनही ती ओलांडत होते. चाळीसच्या फोर-स्ट्रोकचे वजन शंभर किलोंच्या घरात आहे, आणि तरीही दोघे-तिघे मित्र ‘एक, दोन, तीन’ म्हणत ते हातांनी चढवताना दिसतात. इंजिनाला पकडायला जागा नसते. प्लॅस्टिकचे झाकण हातात निघून येते आणि तळ पायावर.

मित्राच्या गॅरेजात आम्ही आडव्या लोखंडी तुळईला चेन ब्लॉक टांगला. त्याआधी बॅटरी सोडवली, इंधनाची नळी काढून चिंधी कोंबली, कंट्रोलच्या केबली आणि सुकाणूचा दांडा मोकळा केला. झाकण काढून बाजूला. इंजिनाच्या माथ्यावर उचलायची कडी असते. काहींत ती आतच बसवलेली, काहींत फ्लायव्हीलवर आट्यांनी बसवावी लागते. कडीतून शॅकल घातली, साखळी नुसती ताणली, आणि मगच ट्रान्समचे बोल्ट ढिले केले. उलटे केले तर बोल्ट निघताक्षणी सगळा भार खाली. शेवटचा बोल्ट निघाला आणि इंजिन दोन इंच मागे झुलले. कडी ही वजनाच्या अगदी मध्यावर नसते, आणि खालचा पाय वेगळ्या कोनात लोंबतो. म्हणून पायाला एक दोर बांधून तो दूर उभ्या माणसाच्या हातात दिला होता. साखळीखाली कोणी नाही, इंजिन आणि बोट यांच्या मध्ये कोणी नाही. मित्राचा मुलगा तरी एकदा वाकून बोल्ट शोधायला गेलाच, आणि त्याच्या आईने त्याला कॉलर धरून मागे ओढले. आम्ही इंजिन हलवले नाही, बोट हलवली: ट्रेलर हळूच पुढे ढकलला आणि मोकळ्या जागेत इंजिन स्टँडवर उतरवले. नवे चढवायचे असेल तर हेच सगळे उलट्या क्रमाने. एक फरक. टू-स्ट्रोक कोणत्याही कुशीवर निजवले तरी फारसे बिघडत नाही, फक्त डोके पायापेक्षा खाली जाऊ द्यायचे नाही. छोट्या फोर-स्ट्रोकच्या पोटात तेल असते. चुकीच्या कुशीवर निजवले की ते सिलिंडरमध्ये उतरते. कोणती कूस बरोबर ते पुस्तिकेत लिहिलेले असते.

ट्रेलरचाही हिशेब बदलतो. गाडीच्या हुकावर ट्रेलरच्या एकूण वजनाच्या साधारण पाच ते दहा टक्के भार हवा. मागे पंचाहत्तर किलो वाढले की नाक हलके होते, आणि हलक्या नाकाचा ट्रेलर महामार्गावर शेपटी हलवू लागतो. विंचचा खांब पुढे सरकवून किंवा धुरा मागे नेऊन हे दुरुस्त होते. घरातला तोलकाटा नाकाखाली ठेवला तरी अंदाज येतो.

मग करायचे काय? तीन वाटा दिसतात. पहिली, जुनेच इंजिन नव्याने बांधणे: वजन तेच, बोट तीच, पण सुटे भाग दुर्मीळ आणि धूर कायम. वेगाच्या बोटींचे खरे दर्दी अजूनही हेच करतात आणि मला त्यांचे चुकते असे वाटत नाही. दुसरी, जुन्या बाजारातून शेवटच्या काळातले फवाऱ्याचे टू-स्ट्रोक घेणे: वजनाचा फायदा थोडा, सुट्या भागांची काळजी मोठी. तिसरी, एक पायरी उतरून फोर-स्ट्रोक. मर्क्युरीचे ११५ हे ३५९ पौंडांचे, म्हणजे १६३ किलो. यामाहाचे ११५ थोडे जड, ३७७ पौंड. आणखी लहान बोटीला यामाहाचे ७०, अवघे २५३ पौंड. विजेच्या आउटबोर्डांची चौथी वाट सध्या या वेगासाठी उघडलेली नाही; तिथे इंजिन हलके आणि बॅटऱ्या मणामणाच्या.

तिसऱ्या वाटेने मित्राच्या बोटीचा हिशेब असा होतो. जुन्यापेक्षा जास्तीचे फक्त ३३ किलो, गुणिले सव्वादोन मीटर, म्हणजे पाऊणशे किलो-मीटर. पंचवीस किलोंची बॅटरी मागून काढून तीन मीटर पुढे, नाळेखाली नेली, तर तीही पाऊणशे. बरोबरी झाली. केबल जाड घ्यावी लागते, एवढेच. शिवाय फोर-स्ट्रोकला टू-स्ट्रोकच्या तेलाची टाकी नको, आणि इंधन कमी लागते म्हणून साठ लिटरऐवजी चाळीसची टाकी पुरते: तिथेच पंधरा किलो वाचले. दीडशेच्या इंजिनाला हीच कसरत करायची तर बॅटरी, टाकी, नांगर सगळे पुढे ढकलावे लागले असते, आणि पट्टी मोडली असती ती वेगळीच. वजन पुढे नेऊन कल दुरुस्त होतो, एकूण भार काही उतरत नाही.

आपल्याकडे हा प्रश्न वेगळ्या कपड्यांत आहे. किनाऱ्यावरच्या छोट्या फायबरच्या होड्यांना आणि पर्यटकांच्या बोटींना अजून हलके टू-स्ट्रोकच बहुतांश दिसतात, त्यामुळे पंचाहत्तर किलोंचा माणूस अजून आलेला नाही. फोर-स्ट्रोक आले की तो येईल, आणि या होड्यांवर ना पट्टी असते ना सूत्र.

नवे इंजिन लावले की चाचणी आलीच, आणि चाचणीचा विषय निघाला की मला १८ डिसेंबर २०२४ आठवतो. त्या दुपारी मुंबई बंदरात नौदलाची एक वेगवान बोट इंजिनाच्या चाचणीवर होती. तिच्यावरचे नियंत्रण सुटले आणि ती गेटवेहून घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीवर आदळली. पंधरा जण गेले. नौदलाने इंजिनातल्या बिघाडाचे कारण सांगितले होते. तिथे प्रश्न आउटबोर्डच्या वजनाचा नव्हता. पण इंजिनाची चाचणी कुठे करायची, हा प्रश्न दोन्हीकडे एकच आहे. आदल्या दिवसापर्यंत ओळखीची असलेली बोट चाचणीच्या दिवशी अनोळखी असते.

मित्राने शेवटी ११५ घेतले. पहिल्या फेरीला आम्ही मंगळवारी सकाळी सातला गेलो, तळ्यावर एक बदक आणि एक म्हातारा गळ टाकून बसलेला, दोघेही लांब. आधी पंधरा मिनिटे नुसते धक्क्याला बांधून, भोकांकडे बघत. मग संथ वेगात मागे-पुढे; मागे जाताना खाचेवरून पाणी येते का ते पाहिले. मग अर्धा गॅस, सरळ रेषेत. मग अर्ध्या गॅसवर वळणे, आधी रुंद, मग अरुंद. पूर्ण गॅस त्या दिवशी दिलाच नाही. तिसऱ्या फेरीला दिला, बॅटरी आणखी एक वीतभर पुढे सरकवल्यावर. दोन झोके जाणवले, मित्राने चाक धरून गॅस थोडा सोडला, ते विरले. धक्क्याला परत आल्यावर त्याने पान्याने सुकाणूचा एक नट अर्धा आटा आवळला आणि पुन्हा एकदा निघाला.